छत्रीवरून उतरलेली स्टार ट्रेक आणि माझी एकाहत्तर भागांची वही

सप्तर्षी

माळा आवरताना दोनशेपानी वही हाती लागली. पहिल्या पानावर शाईपेनाने लिहिलंय : ‘स्टार ट्रेक – पाहिलेले भाग’. खाली पट्टीने आखलेले चार रकाने. तारीख, वार, गोष्ट कशाची, आणि स्पॉक काय म्हणाला. पहिली नोंद मे १९९३ ची आहे, शेवटची जून १९९५ ची. पूर्ण नोंदी एकाहत्तर.

घरी केबल येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. केबलवाल्याच्या छत्रीवरून, म्हणजे डिशवरून, येणाऱ्या इंग्रजी वाहिनीवर स्टार ट्रेक या अंतराळ-जहाजावरच्या अमेरिकन मालिकेचे जुने भाग लागायचे. जुने म्हणजे १९६६ ते १९६९ मधले, कप्तान किर्क, त्याचा परग्रहावरचा सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉयवाले. मला ते जुने आहेत हे माहीतच नव्हतं. रंग भडक होते, खडक पुठ्ठ्याचे वाटायचे, पण मला वाटायचं की परग्रहावरचे खडक असेच असणार. पहिले सहा-सात महिने मी ही मालिका आत्ता कुठेतरी तयार होतेय आणि थेट आमच्याकडे येतेय अशा समजुतीत पाहिली.

भाग कुठल्याही क्रमाने लागत. सुरुवात चुकली तर नाव कळायचं नाही, म्हणून मीच नावं ठेवली. ‘खडक पोखरणारी आई’, ‘अर्धा काळा अर्धा पांढरा’, ‘स्पॉक लग्नाला घरी जातो’. एकूण भाग ७९ आहेत हे नंतर वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं, तेव्हा मागच्या पानावर ७९ चौकोन काढले आणि भरत गेलो. सात चौकोन रिकामे राहिले. एक अर्धाच भरलेला आहे, आणि धागा काढलाय तो त्या अर्ध्या चौकोनासाठी.

नोंद अशी : ‘२ ऑक्टोबर १९९४, रविवार, सकाळी. डॉक्टर चुकून औषध टोचून घेतो, वेडा होतो, काळाच्या कमानीतून पळतो. किर्क आणि स्पॉक मागे जातात. १९३० चं न्यूयॉर्क. इडिथ नावाची बाई गरिबांसाठी आश्रम चालवते. किर्क तिच्या प्रेमात. स्पॉक सांगतो की ती वाचली तर पुढचा सगळा इतिहास बिघडतो.’ आणि त्याखाली वेगळ्या पेनाने : ‘चित्र गेलं.’

चित्र परत आलं तेव्हा दुसराच कार्यक्रम चालू होता. वडील केबलवाल्याकडे गेले, चांगलं भांडण झालं. तो शेवटपर्यंत सांगत होता की माझ्याकडे काही बिघाड नाही. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे ती मालिका पुन्हा लागली तेव्हा मी वसतिगृहात होतो, तिथे टीव्ही नव्हता.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात ही मालिका अशीच तुकड्यातुकड्यांनी पाहिली आहे का? आणि एक विनंती. या भागाचा शेवट मला आजही माहीत नाही. कृपया इथे लिहू नका.

उंबरठा

वाचता वाचता गळा दाटून आला. मी तुमच्याही आधीचा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी हीच स्टार ट्रेक लागायची. शेजारच्यांच्या घरी जमिनीवर बसून पाहिली. म्हणजे छत्रीवरून आली तेव्हा ती माझ्यासाठी आधीच एकदा येऊन गेलेली पाहुणी होती. फरक एवढाच की दूरदर्शनवर आमच्याकडे ती काळी-पांढरी होती. स्पॉकचा सदरा निळा आहे हे मला १९९३ मध्ये कळलं.

शेवट सांगणार नाही.

कोॲक्स

सप्तर्षी, मी कॉलेजात असताना दोन वर्षं एका केबलवाल्याकडे काम केलंय. गच्चीवर दहा फुटी जाळीची डिश, खाली खोलीत रिसीव्हरांची मांडणी, तिथून गल्लीभर वायर. त्यामुळे तुमच्या नोंदीने झोप उडाली. तीन प्रश्न आहेत, जमेल तेवढं आठवून सांगा.

१. चित्र एकदम गेलं, की आधी पांढऱ्या-काळ्या ठिणग्या उडाल्या आणि मग हळूहळू बुडालं?
२. दुसऱ्या वाहिन्या लावून पाहिल्या होत्या का? विशेषतः झी आणि दूरदर्शन.
३. वेळ साधारण किती?

अरुंधती_तारा

माझ्याकडे वही नाही, पण एक क्षण आहे. जहाजावरची संपर्क अधिकारी उहुरा कानाला ते यंत्र लावून बसलेली आणि कप्तान तिच्याकडे वळून विचारतो, काय ऐकू येतंय? जहाजावर तिचं काम तिचं स्वतःचं होतं. ती चहा आणून देणारी नव्हती, कुणाची बायको म्हणूनही तिथे नव्हती. बारा वर्षांच्या मुलीला हे दिसतं. मोठ्यांना वाटतं तिला फक्त रोषणाई दिसते.

मी पुढे दूरसंचार अभियांत्रिकी घेतली. प्रवेशाच्या वेळी कारण विचारलं तर काहीतरी शहाण्यासारखं उत्तर दिलं होतं. खरं कारण उहुरा.

हे माझ्या एकटीचं नाही हे कळायला बरीच वर्षं गेली. मे जेमिसन सप्टेंबर १९९२ मध्ये अंतराळात गेल्या, तिथे जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. यानातून आपल्या पाळीच्या सुरुवातीला त्या उहुराचंच वाक्य म्हणत. त्यांनीही लहानपणी उहुराला पाहिलं होतं. म्हणजे जेमिसन वर होत्या त्याच सुमारास आपण इथे खाली ती मालिका पहिल्यांदा पाहायला लागलो होतो. हे जुळतं तेव्हा मला फार बरं वाटतं.

सप्तर्षी

अरुंधती, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या वहीत उहुराचा रकाना नाही याचं आज वाईट वाटलं.

कोॲक्स, उत्तरं देतो. हळूहळू गेलं. आधी ठिणग्या, मग त्या वाढत गेल्या, आवाजात खरखर, मग नुसती मुंग्यांची पांढरी चादर. दुसऱ्या वाहिन्या मोठ्या बहिणीने लावून पाहिल्या. झी गेलं होतं, बीबीसी गेलं होतं, दूरदर्शन स्वच्छ दिसत होतं. म्हणून तर वडील म्हणाले की टीव्ही ठीक आहे, दोष केबलवाल्याचाच. वेळ दहाच्या आसपास, कारण दहाला संपणारा भाग होता.

कोॲक्स

तुमच्या केबलवाल्याचा दोष नव्हता. सूर्य आडवा आला होता. आडवा म्हणजे मागे.

आपले हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून आकाशात जागच्या जागी दिसतात. डिश एकदा त्या बिंदूकडे वळवली की काम झालं. पण वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, काही दिवस असे येतात की सूर्य आकाशातून सरकताना नेमका त्या बिंदूच्या मागून जातो. सूर्याकडून नुसता प्रकाश येत नाही, रेडिओलहरींचा गोंगाटही येतो. उपग्रहावरून येणारा संदेश मोजक्या वॅटचा, आणि त्याच्या मागे अख्खा सूर्य. आठ-दहा मिनिटं डिशला फक्त गोंगाट ऐकू येतो. मग सूर्य पुढे सरकतो आणि चित्र आपोआप परत येतं. चार-पाच दिवस रोज हेच, साधारण त्याच वेळेला.

आता तारीख पाहा. स्टार, झी, बीबीसी हे सगळे तेव्हा ॲशियासॅट-१ वर होते, १०५.५ अंश पूर्व रेखांशावर. म्हणजे आपल्यासाठी बराच पूर्वेला कललेला, त्यामुळे सूर्य त्याच्या मागे दुपारी न येता सकाळीच येतो. मी काल रात्री कागदावर मांडून पाहिलं. महाराष्ट्राच्या अक्षांश-रेखांशावर हा योग १ ऑक्टोबरच्या मागेपुढे येतो, आणि वेळ येते सकाळी दहाच्या जवळपास. तुमची नोंद २ ऑक्टोबरची, दहाच्या सुमाराची.

दूरदर्शन चालू राहिलं ही सगळ्यात पक्की खूण. ते जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येत होतं, त्याच्या वाटेत सूर्य यायचं कारण नाही. आणि बिघाड रिसीव्हरचा असता तर एकच वाहिनी गेली असती.

आमच्याकडेही लोक भांडायला यायचे. आम्हाला स्वतःला कारण कळलं ते दुसऱ्या वर्षी. तोवर आम्ही बिचारे गच्चीवर जाऊन डिशचे नटबोल्ट आवळत बसायचो.

सप्तर्षी

कोॲक्स, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तो बोलला होता रे, माझ्याकडे बिघाड नाही म्हणून.’

मृगशीर्ष

ॲशियासॅट-१ चं नाव निघालंच आहे तर त्याची गोष्ट इथे यायलाच हवी. आपण जिच्यातून स्टार ट्रेक पाहत होतो त्या वस्तूची गोष्ट मालिकेतल्या कुठल्याही भागाला शोभेल अशी आहे.

हा उपग्रह मुळात वेस्टार-६. अमेरिकेत ह्यूजेस कंपनीने बांधलेला, वेस्टर्न युनियनसाठी. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून सोडला, पण त्याला वर ढकलणारं रॉकेट नीट पेटलंच नाही. जायचं होतं छत्तीस हजार किलोमीटरवर, अडकला शेकडो किलोमीटरवरच. तिथून काही उपयोग शून्य. विमा कंपन्यांनी पैसे भरले आणि निकामी उपग्रह त्यांच्या मालकीचा झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यान त्याला आणायला गेलं. त्याच फेरीत पालापा-बी२ नावाचा, असाच अडकलेला दुसरा उपग्रहही आणायचा होता. जो ॲलन आणि डेल गार्डनर हे दोघे पाठीवर जेटचं यंत्र बांधून, कुठलीही दोरी न लावता यानाबाहेर पडले. गार्डनर तरंगत वेस्टारच्या मागे गेला, त्याच्या इंजिनाच्या तोंडात एक लांब दांडा घालून तो अडकवला आणि उपग्रहाचं फिरणं थांबवलं. यानाचा यांत्रिक हात आतून ॲना फिशर चालवत होत्या. काम संपल्यावर दोघांनी ‘विकणे आहे’ अशी पाटी धरून छायाचित्र काढलं.

आणि तो खरंच विकला गेला. पृथ्वीवर आणून दुरुस्त केला, हाँगकाँगच्या एशियासॅटने घेतला, आणि ७ एप्रिल १९९० ला चीनच्या शीचांगहून लाँग मार्च-३ रॉकेटने पुन्हा वर पाठवला. पुढच्या वर्षी स्टार टीव्ही त्यावर सुरू झालं.

म्हणजे माणसांनी हातांनी पकडून परत आणलेला उपग्रह पुन्हा वर गेला आणि त्यातून अंतराळवीरांची मालिका आपल्या घरात उतरली. हे मला जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गच्चीवर जाऊन पूर्वेकडे बघत उभा राहिलो होतो.

अरुंधती_तारा

मृगशीर्ष, अंगावर काटा. ॲना फिशर त्या उड्डाणाच्या वेळी एका लहान मुलीच्या आई होत्या. अंतराळात गेलेली पहिली आई. यांत्रिक हाताची गोष्ट मला माहीत होती, पण तोच आपला उपग्रह हे माहीत नव्हतं.

शेवटचा_बाक

सगळे आठवणीत बुडालेत, तरी एक वेगळं मत मांडतो. मालिका मलाही प्रिय आहे, म्हणूनच मांडतो.

‘खान’चा भाग आठवा. खान नूनियन सिंग. कथेनुसार उत्तर भारतातला, बहुधा शीख. भूमिका केली रिकार्डो माँटलबान या मेक्सिकन अभिनेत्याने. ना पगडी, ना बोलण्यात आपल्याकडचं काही. आम्ही घरातले सगळे जण ‘सिंग’ ऐकून टीव्हीपुढे सरसावलो होतो, आणि मग कळलं की हा तर जग जिंकायला निघालेला हुकूमशहा. चारशे माणसांच्या त्या जहाजावर जपानी वंशाच्या अभिनेत्याने केलेला सुलू आहे, रशियन चेकॉव्ह आहे, आफ्रिकेची उहुरा आहे. आपल्या वाट्याला आला तो खान. मला ते लागलं होतं, आणि आजही ती मालिका सर्वांना सामावणारी होती असं कुणी सरसकट म्हणालं की तो दिवस आठवतो.

दुसरं, तिसऱ्या वर्षाचे भाग पुष्कळसे कच्चे आहेत. पैसे कमी केले होते, वेळ शुक्रवारी रात्री दहाची दिली होती, लेखन घसरलं होतं. आपण क्रम न कळता पाहिलं म्हणून ते लपलं.

सप्तर्षी

बाक, खानबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं. वहीत त्या दिवशी स्पॉकच्या रकान्यात मी लिहिलंय : ‘सिंग का वाईट?’ एवढंच.

पण तुमचं वाचून त्या भागाची नोंद पुन्हा काढली आणि एक गोष्ट दिसली. स्पॉक सांगतो की खानचं राज्य १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्याहून मोठ्या भागावर होतं, आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत. हे १९६७ मध्ये प्रसारित झालेल्या भागात आहे. आणि मी ते ऐकलं ऑक्टोबर १९९३ मध्ये, त्याच भूभागात बसून.

मृगशीर्ष

आणि ॲशियासॅट-१ चं छत्रही जवळपास तेवढंच! उत्तरेचा झोत चीन-कोरियाकडे, दक्षिणेचा आपल्यापासून अरबी देशांपर्यंत. लेखकांनी खानला जो प्रदेश दिला, त्याच प्रदेशावर त्याच वर्षांत एका उपग्रहाने त्यांचीच मालिका पसरली. निव्वळ योगायोग, पण असा योगायोग मी दुसरा पाहिला नाही.

ठिणगी

माझा जन्म २००२ चा, म्हणून भीतभीत विचारतेय. सगळे भाग आज एका बोटावर मिळतात. मग इतकी वर्षं शेवट न पाहता कसं राहवलं? आणि त्या वाहिन्या नवीन असताना पंचवीस वर्षं जुनी मालिका का दाखवत होत्या?

उंबरठा

ठिणगी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

उपग्रह वाहिनी सुरू झाली की दिवसाचे चोवीस तास भरावे लागतात. नवं बनवायला वेळ आणि पैसा लागतो, जुनं तयार असतं. ब्रिटनमध्ये १९९२ च्या नोव्हेंबरात यूके गोल्ड ही वाहिनी निघाली तीच मुळी जुन्या मालिकांवर, आणि तिथे ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेची कितीतरी वर्षांपूर्वीची पर्वं लोकांना परत मिळाली. तिथेही पोरांनी क्रम सोडून, अधूनमधून पाहून ती मालिका आपली केली.

स्टार ट्रेक तर रिपीटवरच जगलेली आहे. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने ती १९६९ मध्ये बंद केली, प्रेक्षक कमी म्हणून. प्रेक्षकांच्या पत्रांमुळे तिसरं वर्ष तरी मिळालं होतं. बंद झाल्यावर तिचे ७९ भाग अमेरिकेतल्या गावोगावच्या केंद्रांनी घेतले आणि रोज संध्याकाळी दाखवले, संपले की पुन्हा पहिल्यापासून. शाळेतून आलेली मुलं आणि कॉलेजातली पोरं तेव्हा टीव्हीसमोर होती. शुक्रवारी रात्री दहाला त्यांतलं कोण घरी असणार? १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं तर काहीशे येतील असं वाटलं होतं, हजारो आले. १९७६ मध्ये लोकांनी इतकी पत्रं पाठवली की नासाला पहिल्या चाचणी यानाचं नाव मालिकेतल्या जहाजावरून ‘एंटरप्राइझ’ ठेवावं लागलं. हे सगळं मालिका बंद पडल्यानंतर.

म्हणून मी याला शिळं म्हणत नाही. पहिल्या प्रसारणात ती मालिका फसली होती. तिचं खरं प्रसारण म्हणजे ही रिपीटच, आणि आपण त्या रांगेतले शेवटचे नव्हतो.

सप्तर्षी

ठिणगी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेच असायला हवं.

सुरुवातीला मिळालाच नाही. नंतर मिळत होता तेव्हा मी ठरवलं की तो लागेल तेव्हा पाहायचा. कुठल्या तरी वाहिनीवर, अचानक, तसाच. आणि मधल्या वर्षांत मी त्याचे शेवट स्वतः रचले. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या शेवटात किर्क तिथेच राहायचा. मुलगी झाली तेव्हा स्पॉक हिशेबात चूक शोधून काढायचा आणि इडिथ वाचायची. आई गेली त्या वर्षी मी कुठलाच शेवट रचू शकलो नाही. एवढं सगळं त्या दहा मिनिटांत साठलंय, म्हणून हात लावायला धजत नव्हतो.

पण चित्र का गेलं ते आता कळलंय. इतकी वर्षं मला वाटत होतं की कुणीतरी माझ्याकडून ते काढून घेतलं. तसं कुणीच केलं नव्हतं. त्यामुळे आता पाहावासा वाटतोय.

शेवटचा_बाक

पाहणार असाल तर एक सूचना. २००६ पासून या मालिकेची नव्याने साफ केलेली आवृत्ती निघाली, तिच्यात जहाजाची आणि ग्रहांची दृश्यं संगणकावर पुन्हा केलीत. ब्लू-रेवर जुनी दृश्यंही निवडता येतात. तुम्ही जुनी निवडा, कारण तुमच्या वहीतलं जहाज तेच आहे.

आणखी एक. रिपीटसाठी दिलेल्या प्रतींतून जाहिरातींना जागा करायला बरेचदा काही मिनिटं कापलेली असत. त्यामुळे तुमच्या एकाहत्तर भागांतही न पाहिलेले प्रसंग निघायची शक्यता आहे. मी परत पाहिली तेव्हा मला निघाले. कुठे मॅकॉय आणि स्पॉकचं दोन वाक्यांचं बोलणं, कुठे उहुराचं गाणं. फार आनंद झाला होता.

कोॲक्स

सुरुवातीपासून पाहा. थेट शेवटच्या दहा मिनिटांवर जाऊ नका.

अरुंधती_तारा

+१. आणि वडिलांना सोबत बसवा.

सप्तर्षी

काल रविवार होता. सकाळी नऊला लावला, जुनी दृश्यं निवडून. वडील शेजारी खुर्चीत, मुलगी जमिनीवर, बहीण फोनवर दुसऱ्या शहरातून तोच भाग त्याच वेळी लावून बसलेली. स्पॉक ‘ती वाचली तर’ म्हणाला तेव्हा बहीण फोनवर हळूच म्हणाली, ‘आता जाणार.’ गेलं नाही.

मी रचलेल्या शेवटांपैकी एकही बरोबर नव्हता. संपल्यावर किर्क शेवटचं वाक्य बोलतो तेव्हा खोलीत कुणीच काही बोललं नाही. मुलीने उठून वडिलांचा हात धरला.

मग वही काढली. शाईपेन आता नाही, साध्या पेनाने त्या जुन्या ‘चित्र गेलं’च्या खाली तीन ओळी लिहिल्या आणि मागच्या पानावरचा अर्धा चौकोन पूर्ण भरला. वडिलांनी वही मागून घेतली, ती नोंद वाचली आणि विचारलं, ‘त्या केबलवाल्याचा पत्ता कुणाला माहीत असेल का?’ जुन्या गल्लीत एकदोघांना फोन केलेत. त्याच्या मुलाचा नंबर मिळालाय. उद्या सकाळी वडील स्वतः बोलणार आहेत.

रिकामे चौकोन सात आहेत. पुढच्या रविवारी मुलीने त्यांतला एक निवडायचा आहे.